मदत हवी आहे: नॉफ्लरच्या वळणाचा हात आणि वेस माँटगोमेरीचे ऑक्टेव्ह

नमस्कार मंडळी,

गेली आठ वर्षं हौस म्हणून इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय, गुरू कुणी नाही. हात घडला तो डायर स्ट्रेट्स या रॉक बँडचा गिटारवादक मार्क नॉफ्लर याला ऐकून. पिक (तार छेडायची छोटी चकती) न घेता अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने तार ओढायची, उरलेली दोन बोटं गिटारवर टेकवायची. तार किंचित उचलून सोडली की जो टणत्कार येतो, त्यासाठी मी वेडा आहे.

सहा महिन्यांपूर्वी जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी ऐकला आणि झोप उडाली. नुसता अंगठा, आणि एकच सूर दोन सप्तकांत एकदम, म्हणजेच ऑक्टेव्ह! हा माणूसही ऐकूनच शिकला. त्याच्या आधीचा जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन याचे सोलो त्याने जसेच्या तसे बसवले होते. त्यामुळे धीर येतो.

अडचण अशी: पाचव्या आणि तिसऱ्या तारेवर ऑक्टेव्ह धरतो, पण मधली चौथी तार वाजतेच. पाचवी तार धरलेल्या तर्जनीचा आतला भाग तिला टेकवून पाहिला. सावकाश जमतं, लय वाढली की तर्जनी तिच्यावरून उठते आणि खरखर सुरू. शिवाय अंगठ्याने खाली मारताना टेकवलेली दोन बोटं मनगट अडवतात असं वाटतं.

ज्यांनी दोन्ही पद्धती हाताळल्यात त्यांनी कृपया सांगा, ती बोटं उचलायची सवय लावू का? त्याने नॉफ्लरचा टणत्कार तर जाणार नाही ना? तो मला गमवायचा नाही. आणि चार्ली ख्रिश्चनपासून सुरुवात करावी, की थेट वेसचेच सोलो बसवावेत?