शिबिरातून घरी काय आलं?

हा धागा मुद्दाम काढतेय. डिसेंबरातल्या शिबिराची तयारी सुरू झाली की ‘चार ओळी लिहून द्या, देणगीदारांना दाखवायच्यात’ असं आम्ही सगळ्यांच्या मागे लागतो आणि दरवर्षी तीच एक ओळ येते: खूप छान वाटलं. तिचं आता पोतं भरलंय. या वेळी देणगीदार बाजूला ठेवा. शुक्रवार ते रविवार तुमचं पोर पुण्याजवळ पानशेत धरणाच्या बाजूला राहून परत आलं, तेव्हा त्याच्याबरोबर घरी काय आलं, एवढंच सांगा. वाईट असेल तर तेही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. ब्लड कॅन्सर, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, टाइप वन मधुमेह अशी दुखणी असलेली मुलं, त्यांची भावंडं आणि आईवडील, असा आमचा गोतावळा. पैसे कुणाकडूनच घेत नाही. कल्पना आमच्या डोक्यातली नाही. पॉल न्यूमन या नटाने १९८८ साली अमेरिकेत, कनेटिकटमध्ये आजारी मुलांसाठी असं फुकट शिबिर काढलं, आणि तिथून ती पद्धत बऱ्याच देशांत गेली. आमच्याकडे घोडेबिडे नाहीत. एक शेतघर, दोन हॉल, एक लहानसा पोहण्याचा हौद, आणि माझ्या ताब्यात स्वयंपाकघर. (पानशेत म्हटलं की माझ्या सासूबाईंना अजून धरण फुटून पुण्यात आलेला पूरच आठवतो. १२ जुलै १९६१ ला त्या नारायण पेठेत होत्या. ‘मुलांना तिथे कशाला नेता गं’ हे दर डिसेंबरात एकदा ऐकावं लागतं.)

एक भांडणही मिटवायचंय. आईवडिलांनी मुलांपाशी झोपायचं की दुसऱ्या इमारतीत? त्यावरही बोला.

मधुमेही मुलीची आई, धायरी

लेक सात वर्षांची असताना निदान झालं, तेव्हापासून मी सलग झोपलेली नाही. अडीचचा गजर, बोट टोचायचं, रक्तातल्या साखरेचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा. शिबिरात पहिल्या रात्री मला पलीकडच्या इमारतीत पाठवलं. मी चपला घालून तीनदा बाहेर आले. तिसऱ्या वेळी वाटेतच नर्सताई बॅटरी घेऊन उभ्या. ‘काकू, १३८ आहे. जा, झोपा.’

दुसऱ्या दिवशी मुलांना मागच्या टेकडीवर नेलं. चढताना हिचे हात थरथरायला लागले. तपासलं तर ६२. सत्तरच्या खाली गेली की थांबायचं, हे तिला पाठ आहे, पण घरी थांबवणारी मी असते. इथे बारा वर्षांच्या एका मुलीने तिला दगडावर बसवलं, बाटलीत तीन चमचे साखर घालून हलवली, प्यायला लावली आणि पंधरा मिनिटं दोघी भेंड्या खेळत बसल्या. बरोबरची डॉक्टर दोन हातांच्या अंतरावर उभी होती, पण तिने मध्ये पडायचं टाळलं. पुन्हा तपासलं, ९४. दोन बिस्किटं खाऊन दोघी वर.

मला हे संध्याकाळी कळलं आणि आधी रागच आला, मला बोलावलं का नाही म्हणून. लेक म्हणाली, ‘काय सांगायचं त्यात? कमी झाली, साखर घेतली, वाढली.’

घरी काय आलं, तर तिचं इंजेक्शन दिवाणखान्यात आलं. आधी ती न्हाणीघरात जाऊन टोचून घ्यायची. पुढच्या दिवाळीत फराळाला सगळे बसलेले असताना हिने झगा वर करून मांडीत सुई घातली. आत्याबाई म्हणाल्या, ‘लहानपणी गोड फार खायचीस का गं?’ त्यावर, ‘आत्या, माझ्याच शरीराने स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशी मारल्यात. तुझ्या लाडवांचा काही संबंध नाही.’ आत्याबाईंनी लाडू खाली ठेवला.

इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा दिलं ते जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोत, चौदा वर्षांच्या एका मुलाला. आणि १९२५ साली मिशिगनमध्ये मधुमेही मुलांचं शिबिर भरलं होतं! म्हणजे औषध हाताला लागून तीन वर्षं होताहेत तोच कुणाला तरी सुचलं, की आता या पोरांना रानात न्यावं. मला ते वाचून गंमत वाटली. आमच्या घरी लेकीला सहलीला पाठवायला चार वर्षं लागली.

झोपण्याबद्दल: वेगळं. पण आकडा कळवा.

एक बाप, गेवराईकडचे (फोनवर सांगितलं, ताईंनी लिहून घेतलं)

मी ट्रॅक्टर चालवतो, कारखान्याला ऊस टाकतो. पोराला ब्लड कॅन्सर निघाला. आठ महिने पुण्यात खोली करून राहिलो. आता गोळ्या चालू हायेत. रोजची एक, आन् गुरुवारची निराळी. योजनेत बसलं म्हणून उपचार झाला, नाय म्हणत नाही. पर खोलीभाडं, येणंजाणं, प्लेटलेट लागल्या की रात्री माणसं गोळा करणं, ह्येला कुठली योजना?

गावात मी कुणाला नाव सांगितलेलं नव्हतं. रक्त कमी हाय म्हणायचो. शिबिरात रात्री बायका आत बसल्या, आम्ही बाप लोक शेकोटीपाशी. अर्धा तास कोणी बोललं नाही. सगळे जाळाकडं बघत. मग सोलापूरकडचा एक जण म्हणला, ‘तुमचं किती गेलं?’ मी म्हणलं, एक एकर. दुसरा म्हणला, दोन म्हशी. तिसरा म्हणला, माझी रिक्षा, आन् वर मेहुण्याची पण. मेहुण्याची कशी काय रे बाबा? त्यावरून जे हसू सुटलं ते थांबंना. बायका बाहेर येऊन बघायला लागल्या, ह्यांना काय झालं म्हणून. त्याच रात्री मी पहिल्यांदा तोंडानं ‘कॅन्सर’ म्हणलो.

गोळीचं सगळं मालकीणच बघायची. शिबिरात नर्सबाईनी बापांना खाली बसवून शिकवलं. गुरुवारची गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिली तर पोराच्या जिवावर येतं. ते डोक्यात बसलं. आता गुरुवारी रात्री आम्ही नऊ बाप एकमेकाला मिसकॉल देतो. एक मिसकॉल म्हंजे गोळी दिली. कुणाचा आला नाही तर फोन लावायचा.

झोपायचं कुठंबी. आम्ही झोपलोच नाही.

नर्स, तीन शिबिरं केलेली

घरी काय आलं ते तुम्ही लिहा. मी आत काय येऊ दिलं नाही ते सांगते.

फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: गेल्या तीन आठवड्यांत घरात, शाळेत, शेजारी कुणाला कांजिण्या? लोक तो वाचतच नाहीत, सरळ ‘नाही’ लिहितात. कांजिण्या झालेल्या मुलाजवळ राहिलं, तर आपल्या अंगावर उठायला दहा ते एकवीस दिवस लागतात. तोवर मूल ठणठणीत दिसतं. आणि केमो चालू असलेल्या मुलाला त्याच कांजिण्या फुप्फुसापर्यंत जाऊ शकतात. एकदा स्वारगेटला बस सुटायच्या आधी मी पुन्हा तोंडी विचारलं. एक भाऊ, नऊ वर्षांचा, उत्साहाने म्हणाला, ‘हो, माझ्या बाकावरच्याला आल्यात! फोड मोजले मी.’ त्याला उतरवावं लागलं. त्याच्याबरोबर त्याची आजारी बहीण आणि आईही उतरली. त्याची सॅक डिकीत तळाला होती, ती काढेपर्यंत पंधरा मिनिटं सगळे खिडकीतून बघत होते. मी बरोबर केलं. तरी त्या पंधरा मिनिटांचं मला अजून काहीतरी होतं. आता हे फोनवर, दोन दिवस आधी विचारतो.

बाकी माझं काम म्हणजे माठ आणि गाडी. शेतघरातली वीज जाते, म्हणून इन्सुलिनच्या उघडलेल्या बाटल्या मातीच्या भांड्यात, भोवती ओली वाळू. बर्फात ठेवायच्या नाहीत, गोठलं की इन्सुलिन वाया. गाडी फाटकाकडे तोंड करून उभी, ड्रायव्हर किल्ली उशाशी घेऊन झोपतो. केमोवरच्या मुलाचा ताप १००.४ झाला की वाट बघायची नाही, क्रोसिन देऊन ‘बघू सकाळी’ तर अजिबात नाही; सरळ हॉस्पिटल. रविवारी संध्याकाळी पुण्याच्या वाटेवर खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं खाणाऱ्यांच्या गर्दीत रुग्णवाहिकासुद्धा हलत नाही, म्हणून आपलं शिबिर रविवारी सकाळी अकराला संपतं. ‘एवढ्या लवकर का हाकलता’ असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

झोपण्याबद्दल: वेगळं. औषधाचा तक्ता एकाच हातात हवा. दोन वर्षांपूर्वी एका मुलाला सारखं रक्त चढवून अंगात साठलेलं लोह उतरवायची गोळी मी दिली आणि आईनेही दिली.

एक आई

आमचा आता नाही. तरी लिहू ना? शिबिरातून त्याच्या सामानात एक टोपी आली, निळी, आतल्या बाजूला पेनाने ‘तिसरी ब’. आमची नव्हती. त्याची स्वतःची कुठे गेली माहीत नाही. परत द्यायला हवी असं मी म्हणत राहिले आणि तो तीच घालत राहिला. ज्याची असेल त्याने सांगावं. धुऊन ठेवली आहे.

भाऊ, वय १९, सध्या फर्ग्युसन रस्त्यावरचा विद्यार्थी

ताईला थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. रक्त चढवायची तारीख जवळ आली की ती चिडचिडी होते, हे घरी कॅलेंडरवर न लिहिता सगळ्यांना माहीत असतं.

ताईला बोनमॅरो (हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होतं) द्यायला माझं जुळतंय का ते बघितलं, तेव्हा मी सहावीत होतो. सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक. जुळलं नाही. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण त्या दिवशी आईने शिरा केला होता आणि तो संध्याकाळपर्यंत तसाच झाकलेला होता. मला बरीच वर्षं वाटायचं की मी नापास झालोय.

शिबिरात भावंडांचा वेगळा तास असतो. चिठ्ठीवर नाव न घालता काहीही लिहायचं, मग डब्यातून एकेक वाचायची. पहिलीच चिठ्ठी निघाली: ‘मला पण ताप यावा असं वाटतं.’ सगळे गप्प. मी हसलो, कारण मी घरी थर्मामीटर चहाच्या कपाला लावलेला होता. मग कळलं की चौघांनी लावलेला आहे. एकाचा तर १०८ वर गेला आणि पकडला गेला. त्या तासाला मी शिऱ्याचं सांगितलं. त्यानंतर आईलाही सांगितलं, पण ते इथे लिहीत नाही.

एक सूचना. भावंडांचे टीशर्ट वेगळ्या रंगाचे करू नका. आजारी लाल आणि भावंडं पिवळी, असं केलं होतं एका वर्षी. लाल टीशर्टला आइस्क्रीम आधी मिळालं. विसरलेलो नाही.

आई, कोथरूड

मी जरा कडू लिहिते. या शिबिराच्या आधी आम्ही दुसरीकडे, एका संस्थेच्या मेळाव्याला गेलो होतो. चेक देणाऱ्या साहेबांबरोबर माझ्या मुलाचा फोटो काढला. त्याला मास्क काढायला लावला, ‘हस ना बाळा’ म्हणाले. भिंतीवर ‘छोटे योद्धे’ असा फलक. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. योद्धा नाही, त्याला सुईची भीती वाटते.

इथे तसं झालं नाही, हे मान्य. कॅमेरा शेवटच्या तासालाच निघाला आणि आधी विचारलं. पण नाचाचा आग्रह फार होतो. ज्याला कोपऱ्यात बसायचंय त्याला बसू द्या. माझा मुलगा दोन दिवस स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होता, त्यालाच सगळ्यात मजा आली. घरी आल्यापासून मटार तोच सोलतो. निम्मे खातो.

झोपण्याबद्दल: आठ वर्षांखालची मुलं आईपाशी. यावर मी मागे हटणार नाही. नर्सताईंचा तक्ता त्यांच्याकडेच राहू दे, मी गोळ्यांना हात लावणार नाही.

हिमोफिलिया, वय १४, मुलगा

आईने लिहायला बसवलंय. मला फॅक्टर एट, म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक, कमी आहे. पडलो की गुडघा आतून सुजतो. म्हणून फुटबॉल नाही, कबड्डी नाही, सायकल फक्त सोसायटीत. शाळेत पीटीच्या तासाला मी सगळ्यांची घड्याळं सांभाळतो.

शिबिरात सकाळी फॅक्टर दिलं आणि हौदात सोडलं. पाण्यात सांध्यांना मार बसत नाही, आमच्यासाठी पोहणं चांगलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मला येत नव्हतं. आता टिळक तलावावर क्लास लावलाय. श्वास न घेता बारा स्ट्रोक. घड्याळं आता दुसरा कोणीतरी सांभाळतो का ते माहीत नाही, मी पीटीच्या तासाला अजून तिथेच असतो.

एक बाबा, पिंपळे सौदागर

आम्ही अजून एकदाही आलो नाही. मुलगा सात वर्षांचा, मार्चमध्ये निदान झालं. फॉर्म भरलाय, कांजिण्यांचा प्रश्न नीट वाचलाय. डॉक्टर म्हणतात, रक्तातल्या पेशी ठीक असतील तर पाठवा. त्याचा एकच प्रश्न आहे, तो विचारतोय म्हणून मी विचारतो. केस गेलेत. तिथे टोपी काढावी लागते का?

स्वयंपाकघरातून

नाही हो, काही काढावं लागत नाही. झोपताना, पोहताना, जेवताना घातली तरी चालेल. मागच्या वर्षी शुक्रवारी दुपारच्या जेवणापर्यंत अकरा टोप्या माझ्या खिडकीत येऊन पडल्या होत्या, ते वेगळं. आतून नाव घालून आणा, पेनाने नको, दोऱ्याने. आणि त्याला मटार सोलता येतात का?