फेस येत नाही, दोष साबणाचा की पाण्याचा?
"फेस येत नाही म्हणजे साबण बनावट" हे इथल्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. साबणाच्या रेणूचं एक टोक, म्हणजे शेपटी, तेलकट मळात रुततं, दुसरं, म्हणजे डोकं, पाण्यात राहतं आणि मळ पाण्यासोबत निघतो, हे त्यांचं म्हणणं इथवर बरोबर. पण त्या पाण्यात काय विरघळलंय याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. साबण म्हणजे स्निग्धाम्लाचा, म्हणजे तेल-चरबीतून मिळणाऱ्या आम्लाचा, सोडियम क्षार. सोडियमची जागा कॅल्शियमने घेतली की जे तयार होतं ते पाण्यात विरघळतच नाही. म्हणजे साबण आधी या कामी खर्ची पडणार, उरला तर मळ काढणार!

गावी आमच्या बादलीला आतून राखाडी, चिकट कडं बसायचं. आजी म्हणायची, कपड्यांचा मळ. एकदा नुसत्या बोअरच्या पाण्यात वडी घोळवून पाहिली, कपडा एकही नाही, तरी तोच राखाडी साका वर तरंगला, म्हणजे तो मळ नव्हे, कॅल्शियमशी जुळलेला साबणच. शेजारी पागोळीखाली पावसाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत मात्र त्याच वडीचा फसफसून फेस. डिटर्जंट पावडरीत साबणाचं काम करणारे सल्फोनेट कॅल्शियमला इतक्या सहज बळी पडत नाहीत, शिवाय सोबतीला कॅल्शियमला अडवणारा धुण्याचा सोडा असतो, म्हणून तिचं जड पाण्यातही निभतं. रिठ्यातल्या फेस आणणाऱ्या सॅपोनिनचाही असा साका होत नाही. वर रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी, साबणाचं अल्कधर्मी, आणि रेशीम पडलं प्रथिन, त्याला अल्क सोसत नाही. आजीचं रेशमी लुगडं कायम रिठ्यातच का पडायचं ते मला फार उशिरा कळलं.