नाताळात पोरांना मुंबई: हौस की हाल?

अनगोळकर:
काल आपल्या बेळगावच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "नाताळात मुलांना मुंबईची रोषणाई न दाखवणारे पालक त्यांना डबक्यातले बेडूक करून ठेवतात." वाचून डोकं तापलं. दोन वर्षांमागं मी हेच करून बसलोय. मुलगी आठची, मुलगा पाचचा. स्लीपर बसला दुप्पट भाडं मोजलं. 24 ला संध्याकाळी वांद्र्यात, हिल रोडवर. पोराच्या उंचीवरून काय दिसणार? लोकांच्या पिशव्या आणि पाठी. घामानं त्याचा हात सारखा निसटायचा म्हणून मनगट धरलं. खोलीवर आल्यावर बघतो तर मनगटावर माझ्या चार बोटांचे वळ. चांदणी एक दिसली नाही त्याला. आणि दहा दिवस सुट्टी असते कुणाला? मिशनच्या शाळा दसऱ्याची कापून नाताळला देतात. आमच्या मराठी शाळेला 25 तारीख तेवढी.

कॅम्पवाली:
अगदी बरोबर. नाताळच बघायचा तर आमच्या कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलला या की, येशूजन्माचा गोठा बघा. 31 ला आमच्या गल्लीगल्लीत ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जळतो. पोरं आठवडाभर गवत, जुने कपडे गोळा करत असतात.

खडेबाजार:
ते वाक्य माझं आहे आणि मागं घेणार नाही. मुलगी तिसरीत. दादरला उतरल्यापासून ती पाट्या वाचत सुटली. 'पादचारी पूल'. 'महिलांसाठी'. 'थुंकू नये'. म्हणाली, "पप्पा, इथं सगळं आपल्यात लिहिलंय." आमच्या गल्लीत मराठी पाटी बोटभर उरलीय. रोषणाई गेली खड्ड्यात, मला हे दाखवायचं होतं.

निपाणीकर:
भावना ठीक, खिशाचं काय? बेंगळूरला न्या. कर्नाटकची शक्ती योजना, बायकांना सरकारी बस फुकट, जून 2023 पासून आहे. आई, मुलगी दोघींचं तिकीट शून्य. विश्वेश्वरय्या म्युझियममध्ये माझी पोरं चार तास रमली.

खडेबाजार:
फुकट फक्त साध्या आणि एक्स्प्रेस गाडीला. राजहंस आरामगाडी नाही, स्लीपर नाही. पाचशे किलोमीटर बसून नेणार पोरं?

निपाणीकर:
मग रेल्वे आहे रात्रीची.

खडेबाजार:
रेल्वेत 2016 पासून पाच ते बाराच्या मुलाला बर्थ घेतला की पूर्ण भाडं. आणि दुखणं वेगळंच आहे. महाराष्ट्रात बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात, पण त्यांच्या हद्दीत. कर्नाटकात फुकट, पण कोगनोळीच्या सीमानाक्यापर्यंत. माझ्या बायकोचं माहेर कोल्हापूर. एका दिवसाच्या वाटेवर दोन सरकारं, आणि आम्ही कुणाच्याच हिशेबात नाही!

निपाणीकर:
प्रत्येक गोष्टीत सीमाप्रश्न आणायलाच हवा काय? आधार कार्ड कर्नाटकचं, सवलत घेता, वर रडता!

खडेबाजार:
सवलत आमच्या कराची आहे. उपकार नव्हेत. शब्द सांभाळा.

हिंडलग्याची आई:
भांडा तुम्ही. डिसेंबर 2022 ला सीमावादावरून दोन्हीकडच्या बस बंद झाल्या तेव्हा मी कोल्हापुरात होते, कडेवर दीड वर्षाचं पोर. मिळेल त्या वडाप जीपनं कोगनोळीपर्यंत आले, नाका पायी ओलांडला, पलीकडं टेम्पो मिळाला. दुधाची बाटली गार झालेली, पोर तोंड लावेना. त्या दिवशी मला कर्नाटकही नको होतं आणि महाराष्ट्रही. तेव्हापासून डिसेंबरात मुलांना घेऊन हद्द ओलांडत नाही.

निपाणीकर:
ताई, हे माहीत नव्हतं. 'रडता' म्हणालो ते चुकलं. पण बेंगळूरचं मत कायम.

अनगोळकर:
पाट्यांचं मला पटलं, नाइलाजानं का होईना. माझी मुलगी पण वाचत होती, मी गर्दीत लक्षच दिलं नाही. पण पाट्या काय नाताळातच असतात? जानेवारीच्या शेवटी न्या. राणीबागेतले पेंग्विन निवांत दिसतील, फक्त बुधवार टाळा, बंद असते.

खडेबाजार:
जानेवारीत शाळा बुडते.

अनगोळकर:
दोन दिवस बुडू दे. मी बाईंना चिठ्ठी लिहून देणार आहे.

हिंडलग्याची आई:
जानेवारीत गेलात तर सांगा. आमचं पोर आता अक्षरं जुळवून वाचतंय.