तुमच्या गाडीचा काटा खरं बोलतो का? अनुभव लिहा

गेल्या महिन्यात एक्सप्रेसवेवरून पुण्याला येताना मुलाने मोबाईलवर जीपीएसचा स्पीड लावला. काटा १०० वर, मोबाईल म्हणतो ९४. मला वाटलं मोबाईलच गंडलाय, पण कामशेत ते देहूरोड पाच-सहाचा फरक काही हटेना. तुमच्याकडे असं होतं का? आणि स्पीड कसा सांभाळता तेही लिहा.

गॅरेजकाका: मुद्दाम ठेवतात हो ते. यूएनचा नियम ३९ आहे, मीटरने खऱ्यापेक्षा कमी दाखवायचंच नाही, जास्त दाखवलं तर चालतं, दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत. टायर झिजला की चाक बारीक होतं, फेरे वाढतात, काटा अजून वर.

निगडीकर: आमच्या ह्यांनी हौसेने १८५/६५ आर १५ काढून २०५/६५ आर १६ टायर घातले. दिसायला झकास! पण चाक मोठं झालं ना, एका फेऱ्यात आठेक टक्के जास्त अंतर जातं आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही. काका म्हणतात ती सगळी सूट टायरने खाल्ली. कळलं कधी, तर चलान आल्यावर. हे अजून कॅमेऱ्यालाच शिव्या घालतात.

किमी_मोजणारा: बोगद्यात जीपीएस जातो, म्हणून आमचं जुनंच तंत्र. बायको घड्याळ धरते, किमीचा बोर्ड आला की "हां!" म्हणून ओरडते. ३६ सेकंद म्हणजे १००, ४० म्हणजे ९०, ४५ म्हणजे ८०. फक्त काटा तेवढा वेळ हलू द्यायचा नाही, तेच अवघड.

स्कूटरवाली: माझ्या जुन्या स्कूटरची पुढच्या चाकातली मीटरची केबल तुटली आणि मी तीन वर्षं काटा शून्यावर ठेवूनच चालवली, इंजिनच्या आवाजावरून बरोब्बर कळायचं की आता चाळीस झाले, आता जास्त होतंय, हँडल थरथरायला लागलं की हात आपोआप सैल. मग इलेक्ट्रिक घेतली. आवाजच नाही! पहिल्याच आठवड्यात गल्लीतून मेन रोडला लागले, वाटलं आरामात चाललोय, खाली बघते तर ६२. समोर शाळेचा झेब्रा. तेव्हापासून इको मोडच्या बाहेर काढलेली नाही.

समृद्धीप्रेमी: स्कूटरवालीचे कान तसे माझे डोळे फसले. समृद्धीवर लिमिट १२०, नागपूरहून निघून जवळजवळ पाच तास ११० ला एकसारखी गाडी. शिर्डीला बाहेर पडताना वाटलं आता अगदी रांगतोय, उतरून चालत गेलो असतो इतका हळू. वळण जवळ आलं, टायर ओरडले, काट्यावर ७५! आता बाहेर पडायच्या दोन किमी आधीपासून बायको मोठ्याने मीटर वाचते.

धागाकर्ता: मुलाला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो, म्हणजे बाबा तुम्ही १०६ ला चालवू शकता. त्याच्या लायसनला अजून दोन वर्षं आहेत, तेवढंच.