विषय: एचुका सहल – बोटीपलीकडे काय?

नमस्कार मंडळी,
यंदाची सहल एचुकाला ठरतेय. मेलबर्नपासून दोनशेवर किलोमीटर, त्यात तासाभराची पॅडल स्टीमरची (मोठ्या चाकांनी पाणी कापत जाणाऱ्या वाफेच्या बोटीची) फेरी आणि जेवण. एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला, असं दोघातिघांचं म्हणणं आहे. काका, तुमची तिकडे नोकरी झालीय. सांगा काहीतरी.
– सहल समिती

---

समितीकर,
बोट नंतर, आधी धक्का बघा. रेड गम या तिकडच्या झाडाच्या लाकडाचा, तीन पातळ्यांचा. मरे नदी कधी पात्राच्या तळाशी, कधी काठोकाठ. पाणी असेल त्या पातळीवर बोट लावायची. १८६४ला मेलबर्नहून रेल्वे आली, पुढच्याच वर्षी धक्का सुरू. डार्लिंग, मरम्बिजी नद्यांच्या काठची लोकर बार्जवर (सपाट मालवाहू नावेवर) लादून इथे यायची आणि इथून रेल्वेने मेलबर्नच्या बंदरात. पुढे रूळ आणखी आत गेले आणि बोटींचा धंदा बसला. त्या काळातली १८६६ची ‘ॲडिलेड’ अजून चालते, लाकडी सांगाड्याची!

गाव वसवलं हेन्री हॉपवुडने. इंग्लंडमध्ये शिक्षा होऊन टास्मानियात पाठवलेला कैदी, पुढे इथे तराफा चालवून गबर झाला. गावाला आधी ‘हॉपवुड्स फेरी’च म्हणत. त्याचं १८५९चं ब्रिज हॉटेल अजून उभं आहे.

एचुका हा इथल्या मूळ रहिवाशांचा, योर्टा योर्टा लोकांचा शब्द, अर्थ पाण्यांची भेट. कॅम्पास्पी इथेच मरेला मिळते, गोलबर्न थोडी वर. मी कराडचा, त्यामुळे संगम म्हटलं की माझं लक्ष जातंच. पण त्याच लोकांची दुसरी गोष्ट बोटीवर कुणी सांगेल याचा भरवसा नाही. बार्मा गावाजवळ, मरेच्या पलीकडच्या म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या काठावर, मूळ रहिवाशांसाठीची कमरागंजा नावाची सरकारी वसाहत होती. तिथल्या जाचाला कंटाळून १९३९च्या फेब्रुवारीत माणसं बायकापोरांसह नदी ओलांडून व्हिक्टोरियात आली. वसाहतीचा कारभार बघणाऱ्या न्यू साउथ वेल्सच्या बोर्डाचा हुकूम इकडे चालत नव्हता. सहलीत बार्माचं जंगल घ्याच.

---

काका, गळ टाकणाऱ्यांसाठी: पात्र न्यू साउथ वेल्सच्या हद्दीत येतं. काठ व्हिक्टोरियाचा असला तरी परवाना तिकडचा लागतो. आमच्या ह्यांनी मागे वाद घातला होता, दंड भरून आले.

---

बार्मा घेतलं. बस आता साडेसातऐवजी सहाला. डबे ज्याने त्याने आणायचे.
– सहल समिती