यमक की अंत्यानुप्रास? मुलांच्या पुस्तकात काय छापावं?

महालकर: तिसरी-चौथीच्या मुलांसाठी अलंकारांची पुस्तिका करतेय. 'पाणी–गाणी'च्या पानावरचा 'यमक' हा मथळा संपादकांनी खोडला. म्हणे, तेच अक्षर-शब्द वेगळ्या अर्थानं पुन्हा आले तरच यमक. हा नुसता अंत्यानुप्रास, म्हणजे ओळींचा शेवट सारखा ऐकू येणं. काय छापू?

बर्डीवाला: ताई, संपादक हिंदी व्याकरण सांगून राहिले. 'गळ्यात हार, सामन्यात हार' हे हिंदीवाल्यांचं यमक. शेवट जुळला तर ते 'तुक' म्हणतात. नागपूरची पोरं दोन्ही भाषा शिकतात, तिथंच घोळ होते. मराठीत जुळला शेवट की यमक. नाहीतर शेवट न जुळणाऱ्या कवितेला 'निर्यमक' कशाला म्हणतात जी?

शंकरनगर: हिंदीला कशाला दोष? भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच: उपमा, रूपक, दीपक, यमक. तिथलं यमक म्हणजे अक्षरांची आवृत्ती. यम म्हणजे जुळा; यम-यमी ही जुळी भावंडं.

बर्डीवाला: मग पाणी–गाणी जुळेच की! मोरोपंतांच्या केकावलीतल्या 'घडो, पडो, झडो'ला तर पुस्तकं पुष्पयमकच म्हणतात, म्हणजे चरणाच्या शेवटी येणारं यमक.

खडूफळा: नाव काहीही द्या, जुळवणी नीट शिकवा. शेवटचं अक्षर जुळून भागत नाही, त्याआधीचा स्वरही जुळावा लागतो. 'पाणी–लोणी'त नुसती 'णी' हाती लागते. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून मुलं हमखास 'येतो–बसतो' लिहितात. नाम शेवटी आणायला लावा: 'झाडावर खार चढते' ऐवजी 'चढते झाडावर खार'. मग गार, चार, फार आपोआप सुचतात. आणि जोड्या आधी मोठ्यानं म्हणून घ्या. 'राजा–ताजा' कागदावर जुळतं, पण दोन्ही 'ज' वेगळे.

शंकरनगर: हिंदीच्या सवयीनं 'ताजा'तला ज 'राजा'सारखा म्हणणारी मुलं इथे कमी नाहीत. त्यांचं यमक बरोबर धरायचं का?

बर्डीवाला: कानाला जुळलं तर बरोबर. कविता कानासाठीच असते नं.

महालकर: बरं, पुढचं पान. 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा (एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशी कल्पना), असं लिहू?

खडूफळा: मुळीच नको, 'जणू' उपमेतही येतो. 'अंबाझरी तलावाचं पाणी आरशासारखं चकाकतं' ही उपमा: पाणी उपमेय (ज्याची तुलना करतो ते), आरसा उपमान (ज्याच्याशी करतो ते), चकाकणं साधारण धर्म (दोघांतला सारखा गुण), 'सारखं' साधर्म्यवाचक शब्द. 'पाणी जणू आरसाच' म्हटलं की उत्प्रेक्षा. 'पाणी नव्हे, आरसाच' म्हणाल तर अपन्हुती, म्हणजे उपमेय नाकारून ते उपमानच आहे म्हणणं, पण ती या वयाला नको. एकाच पाण्यावर सगळं करून दाखवा. दर अलंकाराला नवं उदाहरण दिलं की मुलं खुणेचा शब्द तेवढा पाठ करतात.

बर्डीवाला: 'साधर्म्यवाचक' आठ वर्षांच्या पोराला? 'जोडशब्द' म्हणा.

शंकरनगर: जोडशब्द म्हणजे भाजीभाकरी, काळासावळा. ते वेगळं प्रकरण.

बर्डीवाला: मग 'तुलनेचा शब्द'.

शंकरनगर: 'पेक्षा'ही तुलनेचाच शब्द. 'साखरेपेक्षा संत्रं गोड' म्हटलं की उपमा संपली, उपमेय उपमानापेक्षा वरचढ ठरलं, म्हणजे व्यतिरेक झाला.