मदत हवी आहे: स्टँडर्ड हेराल्डचे पुढचे ट्रनियन आणि व्हर्टिकल लिंक (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

काकांची स्टँडर्ड हेराल्ड आता माझ्याकडे आली आहे. मार्क थ्री, चार दरवाजांची, म्हणजे फक्त आपल्याकडे मद्रासला बनलेली. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डला दोनच दरवाजे. इंजिन टकाटक आहे, पत्राही बरा आहे. घोडं अडलंय पुढच्या सस्पेन्शनवर.

ज्यांनी ही गाडी उघडलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिच्या पुढच्या चाकाला वर बॉल जॉइंट आहे, खाली नाही. व्हर्टिकल लिंक म्हणून एक उभा पोलादी तुकडा आहे, त्याच्या खालच्या टोकाला आटे आहेत आणि ते पितळी ट्रनियनमध्ये बसतात. स्टिअरिंग वळवलं की नटात बोल्ट फिरावा तशी लिंक ट्रनियनमध्ये फिरते. ट्रनियन पुन्हा खालच्या आर्ममध्ये नायलॉनच्या बुशांवर हलतो. आट्यांत घालायचं असतं ९० नंबरचं गिअर ऑइल. पण कुठल्याही गॅरेजात निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) दिसला की ग्रीसगन आलीच. ग्रीस आत घट्ट होऊन बसतं, तळापर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, लिंक आतल्या आत गंजते आणि आट्यांजवळच मोडते. चाक जागच्या जागी आडवं. रंकाळ्यावर भेळ खायला गेल्यावर मोडली तर चालून घरी येता येईल. गगनबावड्याच्या घाटात मोडली तर काय?

माझी अवस्था: जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं तर डाव्या बाजूला चांगलाच प्ले (ढिलेपणा) आहे, उजवीकडे थोडा कमी. ट्रनियनमधून काळं ग्रीस आणि तांबूस पाणी निघालं.

पुण्यात नाना पेठेच्या स्पेअर पार्टच्या बाजारात ‘हेराल्ड’ म्हटल्यावर दुकानदार हसतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक जोडी दाखवली, पण आटे निम्मे खाल्लेले आणि दोन्ही नग एकाच बाजूचे. (डाव्या-उजव्याचे आटे उलट असतात, हे विकणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.) चेन्नईच्या पुदुपेटला, जुन्या पार्टांच्या बाजारात, कुणी ओळखीचं असेल तर सांगा.

मुख्य प्रश्न असा की उद्यमनगरातले एक टर्नर म्हणतात, “नमुना आणा, ट्रनियनच काय, लिंकपण करून देतो.” हात सोन्याचा आहे त्यांचा, शंका नाही. पण करून घ्यावं का? की इंग्लंडहूनच मागवावं?

जाता जाता, मागचा आडवा पाटाही (लीफ स्प्रिंग) बसलाय. मागची चाकं खालून बाहेर फाकलीत. स्टँडर्डच्याच गॅझेल गाडीचा पाटा चालेल का?

प्रतिसाद १
गॅझेलचा पाटा विसरा. तिला मागे सरळ अखंड अ‍ॅक्सल आहे, तुमच्यासारखी स्वतंत्र चाकं नाहीत. आहे तोच पाटा उतरवून ट्रकचे पाटे करणाऱ्याकडे कमान मारून घ्या. मात्र त्याला समोर उभं राहून सांगा की कमान बेताची हवी. ट्रकवाल्याला सवय असते भरपूर कमान द्यायची. हेराल्डला जास्त कमान दिली तर मागची चाकं खालून आत येतात आणि जोरात वळण घेतलं की बाहेरचं चाक अंगाखाली दुमडतं. या गाडीची ही जुनीच खोड आहे.

प्रतिसाद २
भावा, पार्ट बंद झालाय तो आपल्याकडे. इंग्लंडात हेराल्डचीच पुढची बाजू घेऊन ट्रायम्फ स्पिटफायर बनली आणि ती १९८० पर्यंत चालू होती. त्यामुळे तिकडे ट्रनियन, बुश किट, लिंक सगळं अजून नवीन बनतं. ‘हेराल्ड’ म्हणून शोधून अडलास तर ‘स्पिटफायर’ म्हणून शोध. फक्त ट्रायम्फच्याच जीटी-सिक्स आणि व्हिटेस गाड्यांचं घेऊ नकोस, त्यांचा स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो छोटा दांडा) जाड असतो. आणि तुझी गाडी ड्रम ब्रेकची असणार, म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी जुन्या लिंकचे फोटो आणि कॅलिपरने घेतलेली मापं विकणाऱ्याला पाठव.

प्रतिसाद ३
मी शिरोलीत फाउंड्रीत आहे म्हणून बोलतो. दोन नगांसाठी पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करून कुणी ओतकाम घेणार नाही, आणि घेतलं तरी आत पोकळी राहिली का ते कोण बघणार? ट्रनियन करायचाच तर फॉस्फर ब्राँझच्या भरीव बारमधून काढून घ्या. टर्नरला दोन्ही बाजूंचे नमुने द्या, नाहीतर दोन डावे हातात पडतील. नायलॉन बुश तर उद्यमनगरात दुपारच्या जेवणाआधी होतील.

लिंक मात्र लेथवर करू नका. ती फोर्जिंग आहे, म्हणजे तापवून ठोकून घडवलेली. बारमधून कोरलेल्या तुकड्याच्या भरवशावर घरच्यांना गाडीत बसवणार का? जुनी लिंक वापरायची झालीच तर आटे वायर ब्रशने पूर्ण साफ करा आणि चिरेची तपासणी करून घ्या, डाय पेनिट्रंट किंवा मॅग्नेटिक. आमच्याकडे आणि गोकुळ शिरगावातही हे रोजचं काम आहे. आटे संपतात तिथे केसाएवढी रेघ दिसली तरी लिंक भंगारात.

धागाकर्ता
मनापासून आभार. म्हणजे लिंक आणि ट्रनियन इंग्लंडहून, बुश उद्यमनगरात, पाटा इथेच. फोटो आणि मापं रविवारी टाकतो, दोन्ही बाजूंची. तोवर गाडी स्टँडवर. कुणाचे पाहुणे दिवाळीला इंग्लंडहून कोल्हापूर-सांगलीकडे येणार असतील तर कळवा. कुरिअरचे पैसे वाचले तर पांढरा-तांबडा माझ्याकडून.